16 सप्टेंबर 1948 : हैदराबादचा वाद पॅरिसला

जून 1947 मध्ये हैदराबादच्या निजामाने फर्मान काढून स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. त्यावरून भारताशी झालेला वाद पुढच्या वर्षी हैदराबादच्या तक्रारीने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पोहोचला. 16 सप्टेंबरला पॅरिसच्या बैठकीत मोईन नवाज जंग हैदराबादतर्फे, रामस्वामी मुदलियार भारतातर्फे बोलले. निकाल मात्र आपल्याकडच्या रस्त्यावर लागत होता. 13 तारखेलाच मेजर जनरल चौधरींच्या भारतीय फौजा सोलापूरहून निघून नळदुर्गात शिरल्या होत्या. सोलापूरकडच्या वळसंग गावातल्या लोकांना स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटले होते. शेजारच्या निजामी मुलखात मात्र अजून निजामसमर्थक सशस्त्र रझाकारांची दहशत! 17 ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, 22 ला तक्रारही मागे घेतली. परिषदेच्या विषयसूचीत मात्र हैदराबाद पुढे कित्येक वर्षे तसेच राहिले.