दोन नावांचा एक आवाज

उतारवयाला लागलेल्या गायकाची नवी ध्वनिमुद्रिका निघाली की तिच्याविषयी मत देणारा श्रोता बहुधा एकाच वेळी दोन गाणी ऐकत असतो. एक गाणे समोरच्या यंत्रावर चाललेले असते. दुसरे, वीसपंचवीस वर्षांपूर्वी ऐकलेले, त्याच्या कानात घर करून बसलेले असते. त्यामुळे अशा मुद्रिकेवर पडणारे अभिप्राय गायकाविषयी जेवढे सांगतात तेवढेच श्रोत्याविषयीही सांगून जातात. महाराष्ट्राने हा अनुभव बालगंधर्वांच्या बाबतीत घेतलेला आहे. त्यांचे ऐन उमेदीतले गाणे ज्यांनी ऐकले होते त्यांतल्या कित्येकांना त्यांचे उत्तरवयातील गाणे ऐकवत नसे, आणि कित्येकांना त्यातही तेच गंधर्व भेटत. दोघेही खरेच बोलत होते.

उत्तर हिंदुस्थानात याच प्रकारचा, पण याहून अधिक गुंतागुंतीचा मतभेद ज्या आवाजाभोवती निर्माण झाला तो आवाज लखनौचा. या आवाजाला पहिल्या मुद्रिकांवर अख्तरीबाई फैझाबादी असे नाव होते आणि नंतरच्या मुद्रिकांवर बेगम अख्तर असे. नावातला हा बदल वरवरचा नव्हता. त्याच्या पोटात त्या काळच्या समाजाचा आणि थोडासा सरकारचाही इतिहास दडलेला आहे.

अख्तरींचा जन्म 7 ऑक्टोबर 1914 रोजी फैझाबादेत झाला. आई मुश्तरीबाई, बापाचे छत्र असून नसल्यासारखे. पतियाळा परंपरेचे अता महंमद खाँ आणि किराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. 15 जानेवारी 1934 च्या बिहारमधील भूकंपानंतर कलकत्त्यास आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठी जो जलसा झाला त्यात ही मुलगी गायली आणि सरोजिनी नायडूंसारख्या श्रोत्यांनी तिची पाठ थोपटली. त्याच शहरातल्या मेगाफोन कंपनीने तिच्या तबकड्या काढल्या. त्यांपैकी बहजाद लखनवींच्या एका गझलेची तबकडी देशभर गाजली आणि अख्तरीबाई हे नाव, लखनौ किंवा कलकत्ता कधी न पाहिलेल्या माणसांच्याही ओठी आले.

त्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटे चाले. ठुमरी, दादरा किंवा गझल गाणाऱ्या कलावंताच्या दृष्टीने तीन मिनिटे म्हणजे काय, हे जरा लक्षात घेतले पाहिजे. ठुमरीचे सारे मर्म बोल बनविण्यात आहे. एकच ओळ घ्यायची आणि ती पुनःपुन्हा, दर खेपेला निराळ्या स्वरवाटेने, निराळ्या भावाने म्हणायची. कधी आर्जव, कधी रुसवा, कधी नुसतीच थट्टा. ही वाट आधी आखलेली नसते. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत ओळख दिसली की गाणारीला पुढचे वळण सुचते. हे काम तासाभराचे. ते तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे फुललेल्या वेलीचे एक पान तोडून दाखविण्यासारखे होते. तरीही अख्तरीबाईंनी ते साधले, आणि इतक्या नेटकेपणाने साधले की पुष्कळ श्रोत्यांना ते एक पान हाच वेल वाटू लागला. मैफलीत त्याच गझलेला निराळे रूप मिळाले की हे श्रोते बेचैन होत असत. तबकडीने गायिकेला कीर्ती दिली आणि तिच्या पायात एक बेडीही घातली.

यात एक मौजेचा योग असा की त्यांचे गुरू अब्दुल वहीद खाँ हे ध्वनिमुद्रणापासून दूर राहणारे गवई होते. एका रागाची बढत तासन् तास करणाऱ्या त्या पुरुषाला तीन मिनिटांचा सौदा मान्य होण्यासारखा नव्हता. आज त्यांचे जे मोजके गाणे ऐकावयास मिळते ते नभोवाणीवरून झालेल्या गायनाच्या मुद्रणांमुळे. याच खाँसाहेबांकडे हिराबाई बडोदेकरही शिकल्या. म्हणजे मराठी श्रोते हिराबाईंच्या ज्या शांत, सुरेल आलापीवर लुब्ध होते तिचा आणि लखनौच्या या गझलेचा झरा एके ठिकाणी मिळतो. गझल ऐकताना हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पण अख्तरींचा मध्य सप्तकातला एखादा स्थिर षड्ज ऐकावा, म्हणजे ते घर ओळखू येते.

1945 साली लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि गाणे थांबले. घरंदाज संसार आणि मैफल या दोन गोष्टी त्या समाजात एका छपराखाली नांदत नसत. पुढची सुमारे चार वर्षे हा आवाज कोणी ऐकला नाही. नेमक्या याच काळात नभोवाणीचेही धोरण बदलत होते. 1946 साली माहिती व नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे आले, आणि ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय झाले आहे अशा व्यक्तींना नभोवाणीवर स्थान देऊ नये असा दंडक घालण्यात आला. हेतू सार्वजनिक सभ्यतेचा होता, हे मान्य करावयास हवे. परंतु ठुमरी आणि दादरा ज्या स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या जतन केला, ज्यांच्या कोठ्यांवर लखनौचे नवाब आणि तालुकदार अदब शिकण्यासाठी मुले पाठवीत असे म्हणतात, त्यांच्याच तोंडावर या दंडकाने दार लागले. विद्या हवी, पण विद्यावती नको, असा हा व्यवहार होता. कचेरीतल्या निर्णयांचे असे परिणाम पुष्कळदा निर्णय घेणाऱ्यांच्या दृष्टीपलीकडे घडतात.

येथे मराठी श्रोत्याची एक गल्लत होण्याचा संभव आहे. आपल्याकडे 'बाई' हे आदराचे पद आहे. हिराबाई, केसरबाई, मोगूबाई ही नावे उच्चारताना आपण मान लववितो. शाळेतल्या शिक्षिकाही आपल्या बाईच. लखनौकडे गाणारीच्या नावापुढे लागलेल्या 'बाई' या शब्दाला मात्र कोठ्याचा वास चिकटलेला होता. म्हणून अख्तरीबाईंची बेगम अख्तर झाली तेव्हा पुण्यामुंबईच्या श्रोत्याला तो केवळ विवाहानंतरचा बदल वाटला असेल. लखनौच्या श्रोत्याला त्यात एका स्त्रीने ओलांडलेला उंबरठा दिसत होता.

1949 साली त्या पुन्हा गायल्या, आणि त्या लखनौच्या नभोवाणी केंद्रावर. हे केंद्र 2 एप्रिल 1938 रोजी सुरू झालेले. मधल्या काळात त्यांची प्रकृती खालावली होती आणि गाणे हाच उपाय आहे असे वैद्यकीय मत पडल्यावर घरच्यांचा विरोध सैल झाला, असे सांगतात. त्या दिवशी त्यांनी तीन गझला आणि एक दादरा म्हटला आणि गाणे संपल्यावर त्यांना रडू आवरेना, अशीही आठवण प्रसिद्ध आहे. केंद्रावर गाण्यात एक सोय होती. श्रोत्यांपुढे बसावे लागत नव्हते. मैफलीची लोकलज्जा टाळून आवाज तेवढा घरोघर पोचत होता. ज्या संस्थेच्या नियमाने अनेक गाणाऱ्या स्त्रियांचे दार बंद झाले, तिच्याच ध्वनिक्षेपकाने या एका स्त्रीला परत आणले. अर्थात त्या आता बॅरिस्टरांच्या पत्नी होत्या, हे विसरून चालणार नाही. इतर कितीजणी बाहेरच राहिल्या.

पण परत आलेला आवाज पूर्वीचा नव्हता. वयाने आणि मनस्तापाने त्याला जडपणा आला होता. वरच्या स्वराकडे जाताना तो मधेच क्षणभर चिरे. तरुणपणीही ही चीर होती. आता ती ठळक झाली. पुढे मोठ्या तबकड्यांचा जमाना आला, बाजूगणिक वीस मिनिटे मिळू लागली, आणि नव्या मुद्रिकांतून ही चीर घराघरात ऐकू येऊ लागली. मतभेद उभा राहिला तो येथे.

मेगाफोनच्या जुन्या तबकड्या जपून ठेवणाऱ्यांना नवी मुद्रिका म्हणजे ओसरलेला पूर वाटे. त्यांच्या मते अख्तरीबाईंची ती चपळ तान, तो कोवळा तीक्ष्ण स्वर नाहीसा झाला होता आणि उरला होता तो नुसता अनुभव. शास्त्राची आवड असणाऱ्यांना दुःख होते ते निराळेच: खयाल गाण्याची तयारी असलेला गळा गझलेवर खर्ची पडला. उलट नव्या श्रोत्यांना त्या चिरलेल्या स्वरातच गझलेचा अर्थ सापडे. स्वर फुटतो त्या ठिकाणी शब्द उघडतो, असे त्यांचे म्हणणे. उर्दू काव्याचे जाणकार या पक्षाला मिळाले, कारण एवढे स्पष्ट आणि समजून केलेले उच्चारण त्यांना दुसरीकडे क्वचित मिळत होते. या वादात पहिल्या पक्षाचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते आणि तरीही ते अपुरे होते. तान गेली हे खरे. पण शकील बदायूनींची प्रसिद्ध गझल, जी मुंबईहून लखनौला येताना गाडीतच त्यांनी चालीत बसविली अशी आख्यायिका आहे, ती विशीतल्या अख्तरीबाईंना अशी म्हणता आली असती का, याची शंका येते. तिच्यातला शोक शिकून येणारा नाही.

1969 साली गालिबच्या निधनाला शंभर वर्षे झाली. त्या सुमारास निघालेल्या मोठ्या मुद्रिकेत खय्याम यांच्या संगीतनियोजनाखाली बेगम अख्तर आणि महंमद रफी यांनी गालिबच्या गझला गायिल्या. एरवी आपल्या चाली आपणच बांधणाऱ्या, पेटीवर बोट ठेवून स्वतःच वाट शोधणाऱ्या गायिकेने दुसऱ्याच्या चालीत आणि वाद्यवृंदाच्या चौकटीत गावे, हे जुन्या चाहत्यांना रुचणे कठीण होते. पन्नाशी उलटलेल्या कलावंताने नवे काही केले की तो बिघडला म्हणावे आणि जुनेच केले की तो संपला म्हणावे, अशी श्रोत्यांची एक जुनी खोड आहे. तिचा तडाखा यातून टळण्यासारखा नव्हता. मात्र ज्यांनी कधी मैफल पाहिली नव्हती अशा, दूरच्या गावांतल्या माणसांपर्यंत गालिब पोचला तो अशाच मुद्रिकांमुळे.

लखनौत आणखी एक वर्तुळ याच काळात पूर्ण होत होते. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने 1926 साली तेथे मॅरिस कॉलेज स्थापन झाले आणि त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते दीर्घकाळ चालविले. संगीत कोठ्यावरून उचलून वर्गात आणावे, फळ्यावर लिहून शिकवावे, ही या मराठी मंडळींची धडपड होती. सभ्य घरातली मुलेमुली गाणे शिकू लागली ते या धडपडीमुळे, हे श्रेय कोणी हिरावून घेऊ शकणार नाही. पुढे भातखंड्यांचेच नाव धारण केलेल्या त्या महाविद्यालयात उत्तरवयात बेगम अख्तर शिकविण्यासाठी जाऊ लागल्या. स्वरलिपीत न मावणारा बोलबनाव स्वरलिपीच्या घरात येऊन बसला. रातंजनकरांनी आयुष्यभर ज्या शिस्तीचा आग्रह धरला तिला या पाहुणीने धक्का दिला नाही. तिच्या शेजारी आपली पेटी मांडली, एवढेच.

1968 साली पद्मश्री, 1972 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार असे सन्मान त्यांच्याकडे आले. 30 ऑक्टोबर 1974 रोजी, अहमदाबादेतील कार्यक्रमानंतर आजारी पडून, त्यांचा तेथेच अंत झाला. पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मभूषण मिळाले. लखनौला ठाकूरगंजमधील पसंदबागेत आईशेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यांच्यामागे आकाशवाणीच्या संग्रहातील मुद्रणेही श्रोत्यांच्या हाती आली, आणि जुना वाद पुन्हा निघाला, पण पक्ष बदलून. या मुद्रणांत तबकडीचा नेटकेपणा नाही. त्या मधेच थांबतात, एक ओळ चारपाच वेळा वळवून पाहतात, एखादे वळण जमले नाही तर हसून सोडून देतात. ज्या चिरलेल्या स्वरापायी एका पिढीने मोठ्या मुद्रिका बाजूला ठेवल्या, तो येथे लपविलेला नाही. आणि पुढच्या पिढीतले श्रोते त्या मोठ्या मुद्रिकांनाच आता प्रमाण मानून विचारू लागले, की येथे गझल इतकी निराळी का?

पसंदबागेतली ती जागा पुढे दुर्लक्षित राहिली. 2012 साली शिष्या शांती हीरानंद आणि इतर चाहत्यांच्या पुढाकाराने तिचा जीर्णोद्धार झाला. मुश्तरीबाई आणि बेगम, दोघी तेथे शेजारी शेजारी आहेत.