नवगावचे दोन ढिगारे व आपली वंशावळ



मुलांना इतिहास शिकविण्यात प्रस्तुत लेखकाचे आयुष्य गेले. अफझलखानाच्या वधाची तिथी त्यास आजही मुखोद्गत आहे. परंतु एका महालयाच्या दिवशी उपाध्यायांनी पणजीचे नाव विचारले, तेव्हा तो निरुत्तर झाला. घरातील वडीलधाऱ्या मंडळींसही ते सांगता आले नाही. त्या लज्जेतूनच हा लेख लिहिला आहे.

आपल्याच जिल्ह्यात, अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी, नवगाव म्हणून गाव आहे. तेथे बेने इस्रायल समाजाची पुरातन दफनभूमी आहे. परंपरा अशी सांगते की, शेकडो वर्षांपूर्वी या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्यास लागली, ती दोन मोठ्या ढिगाऱ्यांखाली पुरण्यात आली. एकात पुरुष, दुसऱ्यात स्त्रिया. ग्रंथ व चीजवस्तू समुद्रार्पण झाल्या. वाचलेल्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले व शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत.

या लोकांजवळ लिखित वंशावळ नव्हती. तथापि ज्या गावी वस्ती केली, त्या गावास ‘कर’ जोडून त्यांनी आडनावे धारण केली. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, दिवेआगरचे दिवेकर, अशी शंभराहून अधिक आडनावे झाली. त्यांच्यापैकी हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला. तो लेखकाच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. इस्रायल राष्ट्र १९४८ साली स्थापन झाल्यावर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. पण कोकणातील गावांची नावे त्यांनी आडनावांतून सोबत नेली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू व भारतीय अशा उभय रक्तांचा मिलाफ आढळला. तोंडी परंपरा सर्वस्वी टाकाऊ नसते, हा यातील बोध होय. मात्र त्या दोन ढिगाऱ्यांखाली कोण निजले आहेत, त्यांतील एकाचेही नाव परंपरेने राखलेले नाही.

ही गोष्ट फार जुनी म्हणून सोडून द्यावी, तर आपल्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी आठवते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ती ठाकर वस्ती दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. जी राहती वाडी होती, तीच एका रात्रीत दफनभूमी झाली. नवगावी नावे लोपली. येथे ती जपणे आपल्या पिढीच्या हाती आहे.

आपल्या ज्ञातीत दहनाची चाल आहे. अस्थी व रक्षा पाण्यात जातात. भूमीवर पूर्वजांची खूण म्हणून काही उरत नाही. श्राद्धातही तीन पिढ्यांचाच उच्चार होतो. चौथी आपोआप गळून पडते. म्हणजे ज्यांस दफनभूमी आहे, त्यांच्याहूनही आपणास लेखनाची निकड अधिक.

तेव्हा विनंती अशी की, कर्जत-खालापूरकडील प्रत्येक कुटुंबाने एक साधी वही करावी. तीत निदान चार पिढ्यांची नावे, मूळ गाव व गाव सोडल्याचे कारण लिहावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेल्यास तीर्थोपाध्यायांच्या जुन्या चोपड्यांतील नोंदी उतरवून आणाव्यात. सुनांची माहेरची नावे व गावे लिहिण्यास तर मुळीच विसरू नये. आपल्या वंशावळीत पुरुषामागे पुरुष उभे असतात. त्यांस जन्म देणाऱ्या मातांचा पत्ता नसतो.

प्रस्तुत लेखकाच्या वहीत पणजीची जागा अद्याप कोरी आहे. वाचकांच्या घरी अजून सांगणारे कोणी असेल, तर त्यांनी आजच जवळ बसून विचारावे.