ताट संपतच नाही!

मंडळी, रात्री अकराला ‘पाचच मिनिटं’ म्हणून फोन हातात घेतो आणि साडेबाराला ठेवतो. काय पाहिलं? आठवत नाही. उरतं ते रिकामपण. मग घरोघरी भांडणं, दोष कोणाचा? जरा इतिहास बघू.

१८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे यांनी ‘द सन’ हा पेपर एका सेंटला विकायला काढला. बाकीचे मोठे पेपर सहा सेंटला होते. कमाई जाहिरातींतून. म्हणजे खरा विकला जाणारा माल होता वाचकाचं लक्ष! पुढे रेडिओ, टीव्हीवरही हाच धंदा चालला.

पण तेव्हा गोष्टी संपायच्या. पेपरचं शेवटचं पान यायचं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. रात्री कार्यक्रम संपले की टीव्ही बंद, आणि शेजाऱ्यांकडे बघायला आलेली माणसं गप्पा मारत घरी जायची.

२००६ मध्ये आझा रास्किन यांनी न संपणारं स्क्रोल बनवलं. पुढे त्यांनाच त्याचा पस्तावा झाला. २००९ मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं, कौतुकसुद्धा आकड्यात मोजलं जाऊ लागलं.

जेवणाचं समाधान होतं, कारण ताट संपतं. इथे ताटच संपत नाही, मग पोट भरल्याचं कळणार कसं?

म्हणून पोरांना नुसतं ‘व्यसनी’ म्हणून मोकळं होऊ नका. शेवट त्यांनी काढून घेतलाय, तो आपणच परत आणायचा. आमच्याकडे दहाला सगळे फोन बाहेरच्या खोलीत. तुमच्याकडे?