घराण्याचा इतिहास लिहिताय? आधी ‘मालक’ या शब्दावर थांबा

कोकणातल्या एखाद्या जुन्या घराण्यावर संशोधन करायचं ठरलं की आपण आधी वंशावळ मागतो. पणजोबा, आजोबा, वडील असा क्रम लावायचा, प्रत्येकाच्या नावापुढे जमीन लिहायची, की झाला वतनाचा इतिहास! रत्नागिरी जिल्ह्यात मात्र ही पद्धत फसते. का फसते, ते सगळ्यांच्या ओळखीच्या एका घराण्यावरून पाहू.

दापोली तालुक्यातलं चिखलगाव. लोकमान्य टिळकांचं घराणं इथलं खोत. पणजोबा केशवराव पेशवाईत अंजनवेलला मामलेदार होते. १८१८ मध्ये राज्य गेलं, तशी त्यांनी नोकरी सोडली. वडील गंगाधरपंत मात्र शिक्षक झाले. आता तुम्ही विचाराल, खोताच्या घरातल्या माणसाला मास्तरकी का करावी लागली?

कारण खोती वारसाहक्काने चालायची आणि पिढीगणिक तिच्या तक्षिमा पडायच्या. गावाची वहिवाट भाऊबंद बहुधा आळीपाळीने करायचे. त्यामुळे नाव खोताचं, पण पदरात पडणारं थोडं, अशी स्थिती अनेक घरांत होती. टिळकांच्या घरीही खोतीचं उत्पन्न बेताचंच होतं. म्हणजे वंशावळीत नाव सापडलं, तरी त्या माणसाचा वाटा किती हे वेगळं शोधावं लागतं.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. खोत म्हणजे सगळ्या गावाचा जमीनमालक नव्हे. सरकारसारा गोळा करून भरण्याची जबाबदारी त्याची. गावात धारेकरी असले तर ते फक्त ठरलेला सारा द्यायचे. बाकीची कुळं मात्र अर्धेलीने, तिर्धेलीने पिकाचा वाटा द्यायची, शिवाय खोताच्या शेतावर वेठ करायची. कोणाचा हक्क कोणता, यावर इतके वाद होते की सरकारला १८८० मध्ये खास खोती कायदा करावा लागला.

हा वाद किती खोल होता बघा. १८९९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती येऊ घातली, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’तून खोतांची बाजू मांडली. याच जिल्ह्यातल्या, मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचं मूळ असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक काही मंजूर झालं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळांना मालकीचा रस्ता मोकळा झाला.

मग काम सुरू कुठून करायचं? माझा सल्ला, घराण्यापासून नको, एका सर्व्हे नंबरापासून करा. त्या जमिनीचं पाहणीच्या वेळचं बोटखत, नंतरचे फेरफार आणि आजचा सातबारा एकापुढे एक ठेवा. बोटखतात खोताबरोबर कसणाऱ्याचं नाव आणि त्याचा हक्कही मिळू शकतो. घरातल्या जुन्या कागदांसाठी मोडी शिकून घ्या, त्याला पर्याय नाही. आणि वाड्यातल्या आजोबांची मुलाखत झाली की तिथूनच परत फिरू नका. खालच्या वाडीत जा, तिथल्या आजींना विचारा की भात मोजायला कोण यायचं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की खोताच्या घरी वंशावळ जपलेली असते, कुळाच्या घरी ती बहुधा नसते. आपण फक्त वंशावळीवर विसंबलो, तर ज्यांनी ती जमीन पिढ्यान् पिढ्या कसली, त्यांची नावं आपल्या प्रबंधातूनही गळतील. कागदात त्यांची नावं आहेत. ती वाचायची तयारी तेवढी आपली हवी.