घोट्याची सूज आणि घरगुती उपचार

पायरी चुकली, रस्त्यावरील खड्ड्यात पाऊल पडले किंवा खेळताना तोल गेला की पाय मुरगळतो आणि थोड्याच वेळात घोटा सुजून येतो. अशा वेळी पाऊल बहुधा आतील बाजूस वळते व घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा अंशतः फाटतात. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात, उरलेल्या प्रसरण पावतात आणि पाझरलेला द्रव भोवती साठतो. ही सूज शरीराने आरंभलेल्या दुरुस्तीचाच पहिला टप्पा होय. तिला आवर घालणे एवढेच घरगुती उपचाराचे प्रयोजन असते.

विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची या चतुःसूत्रीचे ‘राइस’ हे नाव अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ साली रूढ केले. त्यानुसार बर्फ कापडात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटे लावावा. तो थेट त्वचेवर ठेवू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी बर्फ टाळणेच श्रेयस्कर. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून पोटरीच्या दिशेने गुंडाळावे. बोटे निळसर, गार वा बधिर झाल्यास ते तत्काळ सैल करावे. पाय उंच ठेवणे म्हणजे हृदयाच्या पातळीहून उंच ठेवणे. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवल्याने ते साधत नाही. त्यासाठी आडवे होऊन पायाखाली दोन उशा घ्याव्या लागतात.

स्वतः मिर्किन यांनी मात्र २०१४ मध्ये आपले मत बदलले. बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे जखम भरून येण्यास विलंब होऊ शकतो, असे त्यांनी नमूद केले. २०१९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या माध्यमातून पुढे आलेल्या ‘पीस अँड लव्ह’ या सूत्रात तर बर्फाला स्थानच नाही; सूज उतरविणाऱ्या गोळ्याही आरंभी टाळाव्यात, असे त्यात सुचविले आहे. वेदना कमी करण्यासाठी बर्फ थोडा वेळ वापरण्यास तथापि अनेक डॉक्टरांची हरकत नसते.

भारतीय घरांतील उपाय याहून जुने आहेत. महाराष्ट्रात मुक्या मारावर आंबेहळद उगाळून लेप देतात, तर उत्तर भारतात हळद व चुना एकत्र करून लावण्याची प्रथा आहे. हळदीतील कर्क्युमिनचा दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसून आला असला, तरी ते त्वचेतून फारसे शोषले जात नाही. अखंड त्वचेवर हळदीच्या लेपाने सहसा अपाय होत नाही. चुन्याने मात्र त्वचा भाजू शकते. पहिल्या दोन दिवसांत गरम पाण्याचा शेक देणे अथवा तेल लावून जोराने चोळणे हे प्रकार हमखास केले जातात. त्यांनी त्या भागातील रक्तप्रवाह वाढतो आणि सूजही वाढते.

खरा धोका असतो तो हाड मोडल्याचे लक्षात न येण्याचा. कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेले ओटावा नियम येथे उपयोगी पडतात. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागील कड किंवा टोक दाबल्यावर दुखणे, तसेच पावलाच्या मध्यभागी करंगळीकडील अथवा आतील बाजूचे हाड दाबल्यावर दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास एक्स-रे काढावा. लहान मुलांची वाढती हाडे अस्थिबंधांच्या आधी दुखावू शकत असल्याने त्यांना डॉक्टरांकडे नेणेच योग्य.

आंध्र प्रदेशातील पुत्तूरसारख्या ठिकाणी पारंपरिक हाडवैद्यांकडे आजही रुग्ण जातात. हाडवैद्याने बांधलेली असो वा घरी, सुजलेल्या अवयवाभोवतीची पट्टी घट्ट झाल्यास रक्तपुरवठा थांबून तो अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते. पट्टी बांधल्यानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढू लागल्यास सकाळची वाट न पाहता ती सोडवावी आणि रुग्णालय गाठावे.

साधी मुरगळ असल्यास दोन-तीन दिवसांनी, सोसेल इतपत, घोटा हलविण्यास प्रारंभ करावा. पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरविणे हा त्यातील सोपा व्यायाम. पुढे भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता अधिक असते.