होशंगाबादचा तजरबा

उर्दूत 'तजरबा' या एकाच शब्दात प्रयोग आणि अनुभव असे दोन्ही अर्थ आहेत. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक हा शब्द फळ्यावर नेहमी लिहितो. वर्गात मात्र तजरबा बहुधा वाचला जातो, केला जात नाही. म्हणूनच मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

1972 साली 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी तेथील 16 शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगातून विज्ञान शिकवणे सुरू केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक मदतीला आले. 1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पोहोचला. 1982 मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे तो सांभाळला.

खरी क्रांती झाली ती शिक्षकांच्या उन्हाळी शिबिरांत. तिथे भाषणे ऐकायची नव्हती. गुरुजींनी स्वतः मुलांसारखे टोळीत बसून फुले उकलायची, मोजमाप करायचे, निरीक्षणे वहीत लिहायची आणि मग वाद घालायचा. विद्यापीठातले प्राध्यापकही 'ठाऊक नाही, करून पाहू' म्हणत. शाळा सुरू झाल्यावर दरमहा बैठक होई आणि वर्गातल्या अडचणी तिथे मांडल्या जात. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती, आणि प्रयोगाचीही परीक्षा होती.

साहित्यही महागडे नव्हते. 1978 मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन आलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार उभे केले.

तीस वर्षांनी, 2002 मध्ये, राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. पेट्यांतले साहित्य पुन्हा विकत घेता येईल. पण 'मला ठाऊक नाही' असे मुलांपुढे निर्भयपणे म्हणणारा शिक्षक घडायला वर्षे लागतात, आणि तो एका आदेशाने पोरका होतो.

आमच्या बी.एड.मध्ये प्रयोग कसा शिकवावा याचे टाचण काढायला शिकवले गेले. स्वतः प्रश्न विचारायला मात्र कुणी शिकवले नाही. आपल्या मोहल्ल्यांतल्या शाळांत प्रयोगशाळा नाही, ही तक्रार खरी आहे आणि ती आम्ही करत राहूच. पण चार शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून पुढचा धडा आधी स्वतः करून पाहायला कोणाची मंजुरी लागते?