पाचाडचे जंगल नकाशावर कसे उतरते?

महाडहून रायगडाकडे जाणारा रस्ता पायथ्याशी पाचाडला पोहोचतो, तेव्हा एकाच नजरेत चार-पाच प्रकारची हिरवाई दिसते. खाली भातखाचरे, त्यांच्या कडेने आंबा-काजूच्या बागा, वर गवताळ उतार आणि कड्याला बिलगलेली दाट झाडी. यातले जंगल नेमके कोणते? वनखात्याचा नकाशा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा आणि उपग्रहाची प्रतिमा या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे देतात. ती एकमेकांशी ताडून एकच नकाशा सिद्ध करणे, यालाच वनस्पती-नकाशांचे संकलन म्हणतात. महाड-पोलादपूरसारख्या डोंगराळ भागात या कामावर अनेक गावांचे भवितव्य अवलंबून असते.

जुन्या नोंदींचे भांडार

कोणत्या वनस्पती कोठे आढळतात याची पहिली माहिती वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नोंदींतून मिळते. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने रायगड जिल्ह्याच्या वनस्पतींची स्वतंत्र सूची १९९३ मध्ये प्रकाशित केली. पुण्यातील या संस्थेचा आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह यांत वाळवून जतन केलेले हजारो नमुने आहेत. मात्र जुन्या नमुन्यांवरील ठिकाणाची नोंद अनेकदा ‘कोकण’ किंवा ‘घाट’ एवढ्यावरच थांबते. अशा नोंदीवरून जातीचे नाव कळते, नकाशावरील बिंदू मिळत नाही.

बिंदू मिळतो तो सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर. रायगड आणि पाचाड ‘४७ एफ/८’ या पत्रकावर येतात, तर १८ अंश अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला असलेले पोलादपूर ‘४७ जी/५’ वर जाते. शेजारची पत्रके वेगवेगळ्या वर्षी पाहणी करून तयार झालेली असू शकतात. त्यामुळे एका पत्रकावर ‘दाट मिश्र जंगल’ असलेला पट्टा दुसऱ्यावर ‘विरळ झुडपे’ होऊन पुढे सरकल्यास नवल नाही. शिवाय जुनी पत्रके एव्हरेस्ट या संदर्भपृष्ठावर बेतलेली होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरच्या खुल्या मालिकेने जागतिक पद्धतीचे संदर्भपृष्ठ स्वीकारले. हा फरक दुरुस्त न करता नकाशे एकावर एक ठेवले, तर ओढ्याकाठची झाडी खाचरात जाऊन बसते.

वनखात्याच्या नकाशाचा हेतू निराळा असतो. तो कायद्याने वन ठरलेली हद्द दाखवतो. त्या हद्दीतला बोडका उतारही ‘वन’ असतो आणि सातबारावर खासगी असलेली घनदाट राई त्यात दिसतही नाही.

आकाशातून दिसणारे चित्र

देशातील वनसंपत्तीची हवाई छायाचित्रांच्या आधारे पाहणी १९६५ पासून सुरू झाली. त्याच कार्यक्रमातून १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. तिच्या १९८७ च्या पहिल्या अहवालाचा आधार उपग्रह-प्रतिमा हाच होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनेही साठच्या दशकात एकास दहा लाख या प्रमाणावर वनस्पती-नकाशे काढले. हवामानानुसार दमटपणासाठी निळा, शुष्कतेसाठी पिवळा-तांबडा अशी रंगांची भाषा त्यांत वापरली गेली. पण या प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात एक किलोमीटर. पाचाडची सारी विविधता त्यात टाचणीच्या टोकाएवढी उरते.

भारतीय दूरसंवेदन उपग्रहांच्या ‘लिस-३’ संवेदकाचा एक चौकोन सुमारे २३.५ मीटरचा असतो. एक हेक्टरात असे जेमतेम १८ चौकोन बसतात. २०१५ पासून युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रह दहा मीटरच्या प्रतिमा देऊ लागले. तरीही कोकणातील अडचणी कायम आहेत. पावसाळ्यात ढगांमुळे जमीन दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये गवतही झाडांइतकेच हिरवे दिसते. हिवाळ्यात सकाळच्या उन्हात सह्याद्रीचे वायव्येकडील उतार सावलीत बुडतात.

यावर उपाय म्हणजे दोन ऋतूंच्या प्रतिमांची तुलना. उन्हाळ्याच्या तोंडाशी सावर आणि ऐन यांची पाने झडलेली असतात. जांभूळ, अंजनी हिरवीच राहतात. म्हणून पानझडी आणि सदाहरित पट्टे वेगळे काढता येतात. परंतु आंबा आणि काजूही त्या वेळी हिरवेच असतात. बाग कोणती आणि देवराई कोणती, याचा निवाडा अखेर जीपीएस यंत्र हाती घेऊन उतार चढणाऱ्या माणसालाच करावा लागतो.

व्याख्येचा प्रश्न

भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर किमान दहा टक्के वृक्षछत्र असेल तर ते वनाच्छादन ठरते; मालकी कोणाची, झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. त्यामुळे काजूची बाग वनाच्छादनात धरली जाते आणि अर्ध्या एकराची देवराई गळते. चँपियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वर्गीकरणात मात्र भर वनप्रकारावर आहे. एक पद्धत किती झाडी आहे ते सांगते, दुसरी कसली आहे ते. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात मिसळले तर जंगल वाढल्याचा भास होऊ शकतो.

गावाशी असलेला संबंध

पश्चिम घाटासाठी गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात सुमारे नऊ किलोमीटरचे चौकोन वापरले. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये २४ मीटर क्षमतेच्या प्रतिमा आधाराला घेतल्या आणि नैसर्गिक भूदृश्य व वस्ती-शेतीचे भूदृश्य वेगळे केले. ज्या गावाचे किमान २० टक्के क्षेत्र संवेदनशील आढळले, ते संपूर्ण गाव यादीत गेले. केंद्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा २०१४ मध्ये आणि सहावा जुलै २०२४ मध्ये निघाला. यादीतील गावात नव्या खाणी, दगडखाणी आणि वाळूउपशावर बंदी प्रस्तावित आहे. अशा वेळी बाग ‘नैसर्गिक वन’ म्हणून रंगवली गेली, तर टक्केवारीच बदलते.

दुसरा संबंध जीविताशी आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथील दरडीने ऐंशीहून अधिक बळी घेतले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या दरडप्रवणता नकाशांत उतार, खडक आणि भूरूपाबरोबरच जमिनीचा वापर व आच्छादन हाही घटक असतो. दरडीचे कारण केवळ वृक्षतोड असे मानणे चूक ठरेल; अतिवृष्टी, तीव्र उतार आणि मातीचा थर यांचा वाटा मोठा असतो. मात्र आच्छादनाची माहिती दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असेल, तर त्यानंतर खोदलेल्या वा बोडक्या झालेल्या उताराचा धोका कमी लेखला जाण्याचा संभव असतो.

म्हणून असा कोणताही नकाशा हाती आल्यावर चार गोष्टी पाहाव्यात: प्रतिमा कोणत्या वर्षाची व महिन्याची, प्रमाण किती, ‘वन’ या शब्दाची व्याख्या कोणती आणि प्रत्यक्ष पडताळणी किती ठिकाणी झाली. आपल्या गावाचा नकाशा या कसोटीवर पाहणे ग्रामसभेलाही अवघड नाही. राई कोणती आणि बाग कोणती, हे गावकऱ्यांना उपग्रहाहून अधिक नेमके ठाऊक असते.